‘गॅस असेल’ म्हणू नका!

कांजूरमार्गला लोकल पकडताना बेंबीभोवती दुखलं, की पहिला संशय कालच्या वडापाववर. अँटासिड घेऊन ऑफिस गाठायचं! पण तेच दुखणं काही तासांत पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला सरकलं, भूक मेली, मळमळ आणि बारीक ताप आला, तर अपेंडिक्सचा विचार करा. १० ते ३० या वयात हा त्रास जास्त. सातव्या एडवर्डने १९०२ मध्ये याच दुखण्यापायी राज्याभिषेक पुढे ढकलला. तुमचं प्रेझेंटेशन काय घेऊन बसलात?

जुलाबाचं औषध, शेक नको. घाटकोपरचं राजावाडी गाठा किंवा १०८ फिरवा. आणि दुखणं अचानक थांबलं म्हणून घरी परतू नका. अपेंडिक्स फुटल्यावरही थोडा वेळ बरं वाटतं, मग पू पोटभर पसरतो. वेळेत पोचलात तर बहुतेकदा दुर्बिणीतून ऑपरेशन, एक-दोन दिवसांत घरी.