फायली दिसत नाहीत? आधी डिस्कवर लिहिणं थांबवा

एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडली, ओळखीचा फोल्डर उघडला आणि आत काहीच नाही. अशा वेळी घाबरून आपण जे काही करून बसतो, त्यानेच बरेचदा कायमचं नुकसान होतं. फायली तोवर बहुधा जागेवरच असतात.

विंडोजमध्ये डिस्कवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ पाहा. फायली दिसत नाहीत, पण बरीच जागा भरलेली दाखवते? मग त्या लपवल्या गेल्या असण्याची दाट शक्यता आहे. ‘शॉर्टकट व्हायरस’ हेच करतो. मूळ फोल्डरला ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ अशा खुणा लावतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट समोर ठेवतो. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका, नाहीतर व्हायरस तुमच्या संगणकातही शिरेल. आधी अँटिव्हायरस चालवा. नंतर ‘अ‍ॅट्रिब’ या कमांडने त्या खुणा काढता येतात.

फाइल खरोखर डिलीट झाली असेल तरी आशा असते. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर ‘मास्टर फाइल टेबल’ नावाची नोंदवही असते. फाइलचं नाव काय आणि तिचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत, हे तिच्यात लिहिलेलं असतं. डिलीट करताना फक्त ही नोंद रद्द होते आणि जागा ‘मोकळी’ ठरते. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतातली माती उचलून नेली जात नाही, तसंच हे. पण त्या मोकळ्या जागेवर नवी फाइल लिहिली गेली, की जुनी संपली.

फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम ही नोंदवही बाजूला ठेवून थेट डिस्क वाचत जातो. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात ‘एफएफ डी८ एफएफ’ या बाइट्सनी होते. ती खूण दिसली, की तिथून फोटो उचलायचा. फोटोची मूळ नावं मात्र परत येत नाहीत, कारण ती नोंदवहीत होती. प्रोग्रॅम आणि परत मिळालेल्या फायली, दोन्ही दुसऱ्या डिस्कवरच ठेवा.

‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं संगणकाने विचारलं तर ‘नाही’च म्हणा. विंडोजमधला डिस्क-दुरुस्तीचा प्रोग्रॅम ‘चेकडिस्क’ चालव, हा सल्ला तर सर्रास दिला जातो. मला तो धोक्याचा वाटतो, कारण दुरुस्ती करताना चेकडिस्क त्याच डिस्कवर लिहितो. डिस्क वाचताना अडखळत असेल तर आधी डीडीरेस्क्यूसारख्या प्रोग्रॅमने तिची हुबेहूब प्रत काढावी आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. एसएसडी असेल तर ‘ट्रिम’ या सोयीमुळे डिलीट झालेला मजकूर लवकर पुसला जाऊ शकतो. तिथे आशा फार कमी.

डिस्कमधून ठराविक लयीत टकटक ऐकू येत असेल तर बिघाड बहुधा यंत्रातच आहे. आतल्या तबकड्यांपासून जेमतेम काही नॅनोमीटरवर वाचणारं हेड तरंगत असतं. त्या फटीत धुळीचा एक कणही मावत नाही, म्हणून डिस्क घरी उघडू नका. फायली मोलाच्या असतील तर ती ताबडतोब काढा, ‘एकदा लावून बघू’ म्हणून पुन्हा जोडू नका आणि थेट डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या.