मोगरा, स्वेटर आणि कूलर: फेब्रुवारीतच उरका ही कामं

थंडी ओसरू लागली की स्वेटर आवरायची घाई होते. पण आधी बाल्कनीतल्या मोगऱ्याकडे बघा. त्याला कळ्या नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणी आत्ताच हवी. एप्रिलमध्ये कात्री चालवलीत तर कळ्याच कापल्या जातील! पुणे-नागपूरकडे फेब्रुवारीच्या सुरुवातीला, दिल्ली-लखनौकडे कडाका संपल्यावर छाटा. फांद्या एक तृतीयांश कमी करा, जुनी पानं काढा, वरची दोन इंच माती बदलून दोन मुठी गांडूळखत घाला. काही दिवस झाड बोडकं दिसेल, घाबरू नका. रोज पाच-सहा तास ऊन मात्र हवंच, नाहीतर नुसती पानंच वाढतील.

स्वेटर न धुता ठेवू नका. घामाच्या नि खाण्याच्या डागांवर कसर आधी लागते.

आता कूलर. हे काम सगळ्यात कंटाळवाणं, पण टाळू नका. डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची अंडी टाकीच्या कोरड्या कडांना चिकटून महिनोन्महिने टिकतात आणि पाणी मिळताच अळ्या निघतात. त्यामुळे नुसतं विसळून भागत नाही, ब्रशने घासूनच टाकी भरा. कुंड्यांखालच्या ताटल्याही त्याच वेळी घासून घ्या.