दर अमावस्येला ग्रहण का लागत नाही?

पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्राच्या कला दिसतात, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं आजही भेटतात. ही समजूत खोडून काढायला दुर्बीण लागत नाही, शुद्ध अष्टमीची एक संध्याकाळ पुरते. सूर्य मावळत असताना अर्धा चंद्र दक्षिणोत्तर रेषेच्या आसपास उंचावर असतो आणि त्याची उजळ बाजू पश्चिमेला, सूर्याकडे असते. आता पूर्वेला वळा. आकाश स्वच्छ असेल, तर सूर्यास्तानंतर काही मिनिटांत क्षितिजावर निळसर-करडा पट्टा वर चढताना दिसतो. ती पृथ्वीची सावली, आपल्याच वातावरणावर पडलेली. चंद्र तिच्यापासून ९० अंश दूर आहे, त्याला ती शिवतही नाही. चंद्राचा अंधारा भाग म्हणजे तिथली रात्र. त्याचा अर्धा गोल कायम उजळलेला असतो. त्यातला किती भाग आपल्याकडे वळला आहे, एवढाच कलांचा हिशेब.

हा हिशेब आपल्या पंचांगात रोज छापलेला असतो. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर चंद्र दिवसाला सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो. एखाद्या ठळक ताऱ्याजवळ तो असेल तेव्हा तासाभराने पुन्हा पाहा, साधारण स्वतःच्या रुंदीएवढा तो पुढे गेलेला दिसेल. सूर्यही त्याच दिशेने रोज जेमतेम एक अंश सरकतो. दोघांमधलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. अशा ३० तिथींचा चांद्रमास २९.५३ दिवसांत पुरा होतो. चंद्र रोज पुढे सरकल्यामुळे चंद्रोदयाला सरासरी ५० मिनिटं उशीर होतो. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहत ताटकळणाऱ्यांना हा उशीर चांगलाच ठाऊक आहे.

दर अमावस्येला चंद्र सूर्याच्या दिशेला येतो, दर पौर्णिमेला सूर्याच्या समोर जातो. मग दर महिन्याला दोन ग्रहणं का होत नाहीत? कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. कोन लहान वाटतो, पण चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे. एवढ्या अंतरावर तो जास्तीत जास्त ३४ हजार किलोमीटर वर किंवा खाली जातो, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या जवळपास दहापट. त्यामुळे बहुतेक अमावस्यांना त्याची सावली पृथ्वीला चुकवून जाते आणि बहुतेक पौर्णिमांना तो पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो.

एका बांगडीत दुसरी जरा तिरपी घातली, तर त्या दोनच जागी एकमेकींना छेदतात. चंद्राचा मार्ग आणि सूर्याचा भासमान मार्ग असेच दोन बिंदूंत, म्हणजे पातबिंदूंत, छेदतात. आपल्या ज्योतिर्गणितातले राहू आणि केतू ते हेच. आकाशात तिथे ना ग्रह आहे, ना दैत्याचं शिर. हे बिंदूही स्थिर नाहीत. ते उलट्या दिशेने सरकत सुमारे १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात. पंचांगात राहू कायम वक्री असतो, तो यामुळेच. सूर्य या बिंदूंपैकी एकाच्या जवळ असताना अमावस्या किंवा पौर्णिमा आली, तरच ग्रहण. असा योग दर १७३ दिवसांनी येतो आणि महिनाभराहून थोडा अधिक टिकतो. म्हणूनच सूर्यग्रहण आणि चंद्रग्रहण बहुधा पंधरवड्याच्या अंतराने जोडीनं येतात.

ग्रहणाचा याहून देखणा नियम म्हणजे सॅरोस चक्र. २२३ चांद्रमास म्हणजे ६,५८५.३ दिवस. एवढ्याच काळात चंद्र त्याच पातबिंदूवर २४२ वेळा येतो आणि पृथ्वीच्या सर्वांत जवळून २३९ वेळा जातो. तीन वेगवेगळे काळ जवळपास एकाच दिवशी पुरे होतात, म्हणून १८ वर्षं आणि सुमारे ११ दिवसांनी तसंच ग्रहण पुन्हा घडतं. २२ जुलै २००९ रोजी, आषाढ अमावस्येच्या पहाटे, खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सुरतेवरून इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा गेला. खग्रास स्थितीचा कमाल काळ, पॅसिफिक महासागरावर, ६ मिनिटं ३९ सेकंदांचा होता. या ग्रहणाचं पुढचं भावंड २ ऑगस्ट २०२७ चं, तीही आषाढ अमावस्याच. या वेळी इजिप्तमधल्या लक्झरजवळ कमाल काळ ६ मिनिटं २३ सेकंद. फरक फक्त १६ सेकंदांचा. पण चक्रातल्या उरलेल्या एक तृतीयांश दिवसात पृथ्वी तेवढीच आणखी फिरते, त्यामुळे पट्टा पश्चिमेला सरकून स्पेन, मोरोक्को, इजिप्त आणि सौदी अरेबियावर जातो.

ही गणितं आपल्या मातीतही रुजलेली आहेत. ग्रहण म्हणजे चंद्राची आणि पृथ्वीची सावली, हे आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये स्पष्ट मांडलं. मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ.स. १५२० मध्ये, 'ग्रहलाघव' रचलं. ज्या-चापांची किचकट आकडेमोड टाळून ग्रह आणि ग्रहणं वर्तवण्याची रीत त्यांनी दिली आणि महाराष्ट्रातले पंचांगकर्ते पुढे शेकडो वर्षं ती वापरत राहिले. ज्या समाजाने ग्रहणाची वेळ आधी सांगण्याची विद्या एवढ्या निगुतीने जपली, त्याने ग्रहण लागताच दारंखिडक्या लावून घ्याव्यात, गर्भवतीला अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवावं, याचं फार वाईट वाटतं. सावलीने अन्न नासत नाही आणि पोटातल्या बाळाला इजा होत नाही. उपाशीतापाशी राहण्याचा त्रास मात्र खरा असतो.

जपायचे ते डोळे. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर महाराष्ट्रातून हे ग्रहण खंडग्रास दिसेल. पावसाळी ढगांनी वाट दिली तर. खंडग्रास सूर्याकडे क्षणभरही नुसत्या डोळ्यांनी पाहू नये. गॉगल, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच यांपैकी काहीच चालत नाही. खात्रीचा ग्रहणचष्मा घ्यावा, नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडावी. शाळांनी त्या दिवशी मुलांना लवकर घरी पाठवण्याऐवजी अंगणात आणावं आणि प्रत्येकाच्या हातात असा एक पुठ्ठा द्यावा.