डोंगरी रासबेरी ओळखावी कशी?

घाटमाथ्यावर ज्यांची जमीन आहे असे शेतकरीबंधु आम्हांस नेहमीं विचारतात कीं, रासबेरीचें रोप मिळाल्यास बांधावर लावावें काय? उत्तर देण्यापूर्वीं रोप कोणत्या जातीचें हें ठरविणें अवश्य आहे. आणि रोप घेते वेळीं त्यावर बहुधा फळ नसतें.

२०२३ सालच्या ज्येष्ठांत आम्ही कुमाऊं प्रांतीं अल्मोड्याकडे गेलों होतों. तेथें पायऱ्यांच्या शेतांच्या कडेस एका झुडपावर पिवळीं व शेजारच्या झुडपावर काळसर फळें दिसलीं. दोहोंसही लोक हिसालूच म्हणतात. पिकलें तें पिवळें व अतिपक्व तें काळें, अशी आम्हीं समजूत करून घेतली. ज्यांचे घरीं उतरलों होतों त्या वृद्ध शेतकऱ्यानें ती तत्काळ दूर केली. फळाकडे न पाहतां त्यानें पान उलटून दाखविलें.

पिवळा हिसालू म्हणजे रुबस इलिप्टिकस. याच्या प्रत्येक पानास गोलसर अशा ३ पर्णिका असून मधली मोठी असते. खोडावर कांट्यांखेरीज तांबूस राठ केस दाट असतात. फूल पांढरें येतें.

काळा हिसालू म्हणजे रुबस निव्हिअस. यासच म्हैसूर रासबेरी म्हणतात. याच्या पानास बहुधा ५ ते ९ पर्णिका असून त्यांची खालची बाजू पांढरी असते. निव्हिअस या लॅटिन शब्दाचा अर्थच हिमासारखा शुभ्र. छड्यांवर पांढुरकी भुकटी दिसते. फूल गुलाबी, फळ प्रथम तांबडें, मग जांभळट काळें.

फळ काळें म्हणून तें ब्लॅकबेरी, हा तर्क खोटा होय. तोडतांना आंतील गाभा झाडावर राहून फळ टोपीसारखें पोकळ निघालें तर ती रासबेरी. गाभ्यासह तुटलें तर ब्लॅकबेरी. वरील दोन्ही जातींचीं फळें पोकळच निघतात.

आपल्याकडील घाणेरीचीं फळेंही काळीं व झुबक्यांत येतात. परंतु तिचें पान अखंड असून चुरगळल्यास उग्र वास येतो, व झुबक्यांतील प्रत्येक फळ सुटें असतें. तिचीं हिरवीं फळें विषारी असून पाला गुरांस बाधतो. हा भेद मुलांस अवश्य दाखवावा.

परततांना पिवळ्या हिसालूचीं दोन रोपें आम्हीं पिशवींत घातलीं होतीं. तीं पाहून वृद्ध म्हणाला, "आम्ही दरसाल तोडून थकलों, आणि तुम्ही हें घरीं नेतां?" त्याचें म्हणणें यथार्थ होतें. पांखरें याचें बीं दूरवर नेतात व मुळांतून नवे कोंब फुटतात. हीच जात हवाई बेटांत शिरून रान व्यापून बसली. जगांतील १०० अत्यंत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादींत तिचें नांव आहे. काळी जात गालापागोस बेटांत तशीच माजली आहे. रोपें आम्हीं तेथेंच ठेविलीं.

यास्तव पिवळी जात बाहेरून आणून बांधावर लावूं नये. काळी कोणी लावलीच तर फळून गेलेल्या छड्या मुळाशीं छाटाव्या, व लवलेले शेंडे जमिनीस टेकूं देऊं नयेत. टेकले कीं तेथें मूळ धरितात.

महसुलाच्या दप्तरांत उभा जन्म गेल्यानें आम्हांस एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: शेताची हद्द पिकावरून ठरत नाहीं, दगडावरून ठरते. फळ हें महिन्याभराचें पीक. पान, कांटा व छडी हे हद्दीचे दगड. ते तपासल्यावांचून नवें रोप आपल्या जमिनींत येऊं देऊं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.