कोयनेच्या भेगांचं गणित

11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी धरणीकंप झाला आणि कोयनानगर जमीनदोस्त झालं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली. तिथलं 103 मीटर उंचीचं कोयना धरण मात्र उभं राहिलं. त्याच्या उंच मोनोलिथांवर (धरण ज्या उभ्या ठोकळ्यांनी बनतं त्यांच्यावर), पाण्याच्या बाजूला आणि पाठीमागेही, आडव्या भेगा पडल्या होत्या. या भेगा एका ठराविक पातळीवरच का पडल्या, याचा शोध घेता घेता भूकंपात धरण कसं वागतं याचं सगळं शास्त्रच पुढे सरकलं.

कोयनेचा आराखडा झाला तेव्हा सरळ हिशेब असे. धरण म्हणजे एक ताठ ठोकळा, आणि भूकंप म्हणजे त्याच्या वजनाच्या 5 टक्के एवढा आडवा जोर. त्या पहाटे धरणाच्या गॅलरीतल्या, म्हणजे त्याच्या पोटातल्या बोगद्यासारख्या वाटेतल्या, प्रवेगमापकाने वेगळंच नोंदवलं. धरणाच्या लांबीच्या दिशेत गुरुत्वीय प्रवेगाच्या 0.63 पट, नदीच्या प्रवाहाच्या दिशेत 0.49 पट आणि उभ्या दिशेत 0.34 पट हादरे बसले होते. शिवाय धरण ताठ राहतच नाही. पाया हलला की माथा त्याहून कितीतरी जोरात झुलतो. कोयनेचा माथा जड आहे, आणि माथ्यापासून साधारण 36 मीटर खाली पाठीमागचा उतार एकाएकी बदलतो. धरण टप्प्याटप्प्याने उंच करायचं ठरलं होतं. काम चालू असताना पूर्ण उंचीचा निर्णय झाला आणि छेदाला असा अवघड आकार आला. भेगा पडल्या त्या याच भागात.

हे कागदावर पकडायला जुनी सूत्रं तोकडी होती. नवं साधन नुकतंच हाताशी आलं होतं. विमानाच्या पंखांच्या ताठपणाचा हिशेब करताना बोइंगमध्ये जी रीत आकाराला आली, तिच्यावरचा गाजलेला निबंध 1956 चा. त्याच्या लेखकांपैकी रे क्लफ यांनी 1960 मध्ये तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिलं. अवघड आकाराचे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा ताठपणा मांडायचा, कोपऱ्यांतल्या नोडपाशी ते एकमेकांना जोडायचे आणि तयार होणारी शेकडो समीकरणं संगणकाकडून सोडवून घ्यायची. क्लफ आणि एडवर्ड विल्सन यांनी ही रीत धरणावर वापरली ती अर्कान्सामधल्या नॉरफोर्क धरणाला गेलेल्या भेगेसाठी, 1962 च्या सुमारास.

कोयनेची पाळी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आली. बर्कली विद्यापीठात अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी धरणाच्या छेदाची अशा तुकड्यांची जाळी आखली आणि गॅलरीत नोंदलेले तेच हादरे तिला दिले. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ओढ फार थोडी. उतार बदलतो त्या भागात, दोन्ही बाजूंना, ओढीचा ताण काँक्रीटच्या कुवतीपलीकडे गेल्याचं गणितात दिसलं. प्रत्यक्षातल्या भेगांशी हे जुळत होतं.

माझ्या मते या सगळ्यात मोलाची गोष्ट संगणक नव्हे, गॅलरीतलं ते यंत्र. ती नोंद नसती तर गणित खरं की खोटं हे ठरवायला काहीच आधार उरला नसता. हादऱ्याची नोंद आणि भेगांची जागा, दोन्ही हाती असलेलं दुसरं मोठं काँक्रीट धरण जगात सहज सापडत नाही. म्हणूनच काँक्रीट तडकण्याचं नवं प्रारूप आलं की ते कोयनेवर तपासलं जातं. ली आणि फेन्व्हस या संशोधकांनी 1998 मध्ये तेच केलं, आणि ‘अबॅकस’ या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या उदाहरणांतही कोयना आहे.

धरणाची डागडुजीही मोठी होती. भेगांत इपॉक्सी भरलं गेलं, वरून ताणलेल्या केबल घातल्या गेल्या, आणि सांडवा सोडून उरलेल्या भागाला पाठीमागून काँक्रीटचा टेकू दिला गेला.

आज नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याला अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलीला कोयनेचं हे उदाहरण लॅपटॉपवर चालवता येतं. प्रकाशा आणि सारंगखेडा इथले तापीवरचे बॅरेज तिने पाहिलेले असतात, त्यामुळे विषय परका नाही. रंगीत चित्रं पडद्यावर चटकन उमटतात, आणि धोका तिथेच आहे. काँक्रीटची ओढ सोसण्याची कुवत किती धरली, पाया खडकाशी कसा जोडला, पाण्याचं हलतं वजन घेतलं की नाही, यावर ते रंग बदलतात. तिने आधी वजनाच्या 5 टक्के जोराचा जुना हिशेब करावा, मग गॅलरीतली खरी नोंद घालावी, आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून फरक कुठून आला ते शोधावं.