संगीतातील इंग्रजी शब्द – लेखांक ६ : कॉन्सर्ट

श्रोत्यांपुढे केलेले जाहीर गायन किंवा वादन, हा ‘कॉन्सर्ट’चा आजचा रूढ अर्थ. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तेव्हा मात्र त्यात श्रोते, तिकीट, मंच यांपैकी काहीच नव्हते. अनेकांनी मिळून एकमताने चालणे, एवढाच त्याचा आशय होता. त्याच्या मुळाशी असलेले इटालियन क्रियापद ‘कॉन्चेर्तारे’ आपसांत जुळवून घेणे या अर्थाचे आहे; लॅटिनमध्ये तेच क्रियापद झुंजणे, वाद घालणे या अर्थाने येते. झुंजीतून मेळ कसा निघाला याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एकटे वाद्य आणि वाद्यवृंद यांची चढाओढ व जुळणी जिथे एकत्र नांदते, त्या ‘कॉन्चेर्टो’ या रचनाप्रकाराला मात्र दोन्ही अर्थ शोभतात.

सतराव्या शतकातील इंग्रजीत ‘कॉन्सर्ट’ आणि ‘कॉन्सॉर्ट’ या शब्दांची सर्रास सरमिसळ होत असे. कॉन्सॉर्ट म्हणजे एकत्र वाजणाऱ्या वाद्यांचा संच. लहानमोठ्या व्हायोलसारखी एकाच कुळातील वाद्ये असली तर तो ‘होल कॉन्सॉर्ट’. बासरी, ल्यूट, व्हायोल अशी वेगवेगळ्या कुळांतील वाद्ये आली की ‘ब्रोकन कॉन्सॉर्ट’. हे वादन राजवाड्यात किंवा सधन घरांत चाले. वाजवणाऱ्यांचा आनंद हाच पुष्कळदा त्याचा हेतू असे.

पैसे मोजून कोणीही यावे आणि ऐकावे, ही कल्पना लंडनमध्ये रुजवली ती जॉन बॅनिस्टर या व्हायोलिनवादकाने. तो दुसऱ्या चार्ल्स राजाच्या पदरी होता. डिसेंबर १६७२मध्ये त्याने व्हाइटफ्रायर्स भागातील आपल्या घरी दररोज दुपारी चार वाजता वादन होईल, अशी जाहिरात दिली. प्रवेशाला एक शिलिंग पडे आणि त्यात फर्माईश करण्याचीही मुभा असे. पुढे १६७८मध्ये टॉमस ब्रिटन या कोळसा विकणाऱ्या माणसाने क्लार्कनवेल येथे कोळशाच्या वखारीवरच्या माळ्यावर संगीतसभा सुरू केल्या. बाहेरच्या अरुंद जिन्याने चढून जाणाऱ्यांत उमराव मंडळीही असत. १७१४मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत या सभा चालू होत्या. दरबाराबाहेरचे संगीत मोठ्या सभागृहांच्या कितीतरी आधी अशा साध्या जागांत उभे राहिले, ही गोष्ट या शब्दाच्या इतिहासात फार मोलाची आहे.

त्यानंतरही दीर्घकाळ कॉन्सर्ट म्हणजे अनेक कलाकारांचा मिश्र कार्यक्रमच असे. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात बेटहोव्हेनने केलेला कार्यक्रम सुमारे चार तास चालला. पाचवी आणि सहावी सिंफनी, चौथा पियानो कॉन्चेर्टो, मधूनमधून गायन आणि शेवटी पियानो, वाद्यवृंद व गायकवृंद यांची ‘कोरल फँटसी’, एवढे सगळे कडाक्याच्या थंडीत एका बैठकीत झाले. तालमी अपुऱ्या पडल्यामुळे ही शेवटची रचना मध्येच विस्कटली आणि थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. एकट्याने संपूर्ण कार्यक्रम पेलण्याची प्रथा फ्रान्झ लिस्टने रूढ केली. १८४०मध्ये लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअर रूम्समधील त्याच्या पियानोवादनाच्या जाहिरातीत ‘रिसायटल’ हा शब्द आला. तोवर तो पाठांतर म्हणण्याशी जोडलेला असल्याने लोकांना नवलाचा वाटला. तेव्हापासून एकल किंवा एकदोन साथीदारांसह केलेले वादन म्हणजे रिसायटल आणि मोठ्या संचाचे ते कॉन्सर्ट, असा फरक पडला.

जुळणीचा जुना अर्थ जोडशब्दांत अजून शाबूत आहे. वाद्यवृंदातील पहिल्या व्हायोलिनवादकाला ‘कॉन्सर्टमास्टर’ म्हणतात. कार्यक्रमाआधी तो उभा राहतो, ओबोवादक ‘ए’ हा स्वर देतो आणि सगळा वृंद त्याला आपले सूर मिळवतो. या स्वराची सेकंदाला ४४० कंपने ही १९३९मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलेली पातळी म्हणजे ‘कॉन्सर्ट पिच’. बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी लिहिलेला ‘सी’ प्रत्यक्षात ‘बी फ्लॅट’ ऐकू येतो. म्हणून तालमीत नेमका ऐकू येणारा स्वर सांगायचा असेल तर ‘कॉन्सर्ट बी फ्लॅट’ असे म्हटले जाते.

मराठीत जाहीर गाण्याला ‘जलसा’ हा शब्द फार पूर्वीपासून आहे आणि विष्णु दिगंबर पलुस्करांनी तिकीट लावून असे जलसे केले. आज कॉन्सर्ट म्हटले की मराठी माणसाला मैदानावरचा पॉप संगीताचा कार्यक्रम आठवतो : १९९६मध्ये अंधेरीत झालेला मायकेल जॅक्सनचा किंवा जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबईत झालेला कोल्डप्लेचा. ख्यालगायनाच्या मैफलीला हा शब्द नीट बसत नाही. तिथे गायक पुष्कळदा श्रोत्यांचा कल पाहून पुढचा राग ठरवतो आणि साथीदार त्याच्या मागोमाग जातात. भारतातील इंग्रजी वृत्तपत्रे अशा कार्यक्रमाला बहुधा रिसायटल म्हणतात, ते अधिक योग्य आहे.

संगीताबाहेर १८१५नंतर युरोपातील बड्या सत्तांनी परस्परसंमतीने तोल राखण्याची जी व्यवस्था उभारली, ती ‘कॉन्सर्ट ऑफ युरोप’ या नावाने ओळखली जाते. कायद्याच्या भाषेतही शब्द रुळला आहे. सेबीच्या २०११च्या अधिग्रहण नियमांत ‘पर्सन्स अॅक्टिंग इन कॉन्सर्ट’ अशी संज्ञा आहे. एखाद्या कंपनीवर ताबा मिळवण्यासाठी संगनमताने शेअर घेणारे लोक असा तिचा अर्थ. त्यांचे मताधिकार एकत्र मोजून २५ टक्क्यांवर पोहोचले, तर इतर भागधारकांपुढे खुला प्रस्ताव ठेवणे त्यांना बंधनकारक होते.