थंडीतली बाळाची झोप : ऊब किती, पांघरूण किती

बाळाचे पहिले वर्ष : लेखांक ९

गुहागरची थंडी डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत जाणवते, आणि तीही मुख्यतः रात्रीची. दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास असतो. सूर्य मावळल्यावर जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, मतलई वारा सुटतो आणि पहाटेपर्यंत तापमान बहुधा १८ ते २० अंशांवर येते. घाटमाथ्यावर किंवा विदर्भात पडते तशी ही थंडी नव्हे. बाळाला गुंडाळण्याची रीत मात्र अनेक घरांत तिकडच्याइतकीच कडक असते : दोन झबली, स्वेटर, कुंची, वर गोधडी, खिडक्या बंद आणि बाजेखाली शेगडी. पहाटे चढवलेला स्वेटर दुपारी बारालाही अंगावरच राहतो. किनारपट्टीवर पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळाला थंडीपेक्षा थंडीच्या या बंदोबस्ताचाच त्रास अधिक होण्याचा संभव असतो. अपवाद नवजात आणि कमी वजनाच्या बाळांचा, आणि तो फार महत्त्वाचा आहे.

बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या जवळजवळ तिप्पट असते, त्यामुळे अंगातली उष्णता झपाट्याने बाहेर जाते. मोठी माणसे कुडकुडतात. स्नायूंच्या त्या थरथरीतून उष्णता तयार होते. नवजात बाळाला कुडकुडणे जवळजवळ जमतच नाही. खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांजवळ साठलेली तपकिरी चरबी जाळून ते ऊब मिळवते. या जळणाला प्राणवायू आणि साखर लागते. म्हणून थंडावलेले बाळ आधी सुस्त होते, मग दूध ओढेनासे होते, आणि दूध पोटात न गेल्याने आणखी थंड पडते. नवजाताचे काखेतले तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. ३६.५ च्या खाली गेले की ऊब देण्याची वेळ झाली, आणि ३६ च्या खाली गेले की ती तातडीची गरज झाली.

जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या आणि दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांत ही तपकिरी चरबी तुटपुंजी असते. अशा बाळाला गुहागरचे १८ अंशही झेपत नाहीत. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत घरच्या घरी नवजात बालसेवेचा जो प्रयोग केला, त्यात बाळाला उबदार ठेवणे हा एक मुख्य भाग होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी भेट देऊ लागल्या : दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यांच्याजवळ थर्मामीटर आणि वजनकाटा असतो. थंडीत जन्मलेल्या बाळासाठी या भेटींचे मोल फार मोठे आहे. बाळ झोपले आहे म्हणून आशाताईंना दारातून परत पाठवू नये.

लहानग्या बाळासाठी सर्वांत भरवशाची ऊब आईच्या अंगाची. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात पाळणपेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा एडगर रे या डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर उभे बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. तीच पुढे ‘कांगारू मदर केअर’ म्हणून जगभर गेली. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट आणि टोपडे, आईच्या छातीला त्याची छाती, मान किंचित एका बाजूला वळलेली, नाक-तोंड मोकळे आणि दोघांवर मिळून एक शाल. आई थकली तर वडील, आजी, मावशी कोणीही हे करू शकते. मात्र छातीवर बाळ घेणाऱ्याने थोडे रेलून बसावे आणि जागे राहावे.

खोलीत किती गारवा आहे हे कळायला कोकणात एक साधन घरातच असते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजू लागते. बाळाच्या खोलीतल्या बाटलीतले तेल पातळ असेल तर धडधाकट बाळाला एक झबले, लंगोट आणि पातळ दुपटे पुरते. तेल घट्ट झाले असेल तर मोठ्या माणसाच्या अंगावर जितके कपडे असतील त्यापेक्षा बाळाला एक थर जास्त, एवढाच हिशेब. नवजाताची, त्यातही कमी वजनाच्या बाळाची खोली मात्र २५ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये.

तेल थिजले की नाही हे पाहण्यापेक्षाही बाळाला हात लावून पाहणे बरे. हाताची पालथी बाजू आधी पोटाला, मग तळपायाला लावावी. दोन्ही उबदार तर बाळ सुखात आहे. पोट उबदार आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजू लागली आहे. एक थर वाढवावा किंवा छातीशी घ्यावे. दोन्ही गार असतील तर प्रकरण डॉक्टरकडे न्यायचे. उलट, मानेमागे घाम आला असेल, केस ओले असतील, गाल लाल झाले असतील तर पांघरूण जास्त झाले आहे. घामाने ओले झालेले झबले पहाटे बाळाला आणखी गार पाडते.

पांघरुणाचा अतिरेक केवळ अस्वस्थ करणारा नाही, तर धोक्याचा आहे. वरवर निरोगी दिसणारे बाळ झोपेतच दगावण्याच्या घटनांचा १९८० च्या दशकात न्यूझीलंड, ब्रिटन वगैरे देशांत कसून अभ्यास झाला, तेव्हा काही गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्या : पालथे झोपवणे, तोंडावर येणारे जाड पांघरूण, अति उष्णता आणि घरातला तंबाखूचा धूर. १९९१ पासून बाळाला पाठीवरच झोपवा असा प्रचार तिथे सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पाठीवर झोपले तर दूध घशात अडकेल ही भीती निराधार आहे : पाठीवर असताना अन्ननलिका श्वासनलिकेच्या खाली असते, त्यामुळे वर आलेले दूध श्वासनलिकेत सहज उतरत नाही. कुशीवर ठेवलेले बाळ सहज पालथे होते, म्हणून तेही टाळावे.

बिछाना सपाट आणि घट्ट हवा. पिंजून फुगवलेली मऊ गादी, डोक्याला आकार यावा म्हणून ठेवलेली मोहरीची उशी, कडेने लावलेले तक्के यांपैकी काहीही बाळाच्या नाकापाशी सरकू शकते. डोके दर वेळी वेगळ्या बाजूला वळवले आणि जागेपणी बाळाला थोडा वेळ पालथे खेळू दिले तर ते चपटे होत नाही. त्यासाठी उशीची गरज नाही. आजीच्या नऊवारीची झोळी बाळाला चटकन शांत करते हे खरे. पण झोळीत पाठीला बाक येतो, हनुवटी छातीवर टेकते आणि लहान बाळाची श्वासनलिका दबते. डोळा लागताच बाळाला सपाट जागी ठेवावे. गोधडीपेक्षा स्लीपिंग बॅग किंवा काखेपर्यंतच घेऊन दोन्ही कडांना गादीखाली खोचलेले पातळ पांघरूण बरे. दुपट्यात गुंडाळायचे तर पाय दुमडून फाकवता येतील इतके सैल असावे. सरळ करून आवळलेल्या पायांनी खुब्याचे सांधे निखळण्याचा धोका असतो. बाळ कुशीवर वळू लागले की गुंडाळणे बंद करावे. टोपडे पहिल्या काही दिवसांत आणि कमी वजनाच्या बाळाला जरुरीचे; मोठ्या, निरोगी बाळाच्या डोक्यावर झोपेत ते नको, कारण बाळाची जादा उष्णता डोक्यातूनच बाहेर पडते.

बाळाने रात्री आईच्या खोलीत, हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या बिछान्यात झोपावे हे उत्तम. आपल्याकडे बहुतेक बाळे आईच्या कुशीतच झोपतात आणि स्तनपानाला ते सोयीचे पडते. तरीही घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, शेजारी झोपणाऱ्याने दारू किंवा गुंगीचे औषध घेतले असेल, किंवा बाळ कमी वजनाचे असेल तर एकाच पांघरुणात झोपवणे पूर्णपणे टाळावे. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणे सर्वांत घातक.

शेगडीबद्दल विस्ताराने सांगणे भाग आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवणे, ओवा-शेपांची धुरी देणे ही रीत ज्या घरांत रुजली, ती घरे चिऱ्याची आणि कौलारू होती. कौलांच्या फटींतून धूर आणि वायू सतत बाहेर पडत. आज गुहागर, शृंगारतळी, पालशेत इथली नवी घरे स्लॅबची आहेत आणि सरकत्या काचेच्या खिडक्या लावल्या की हवेला वाटच उरत नाही. अशा खोलीत धगधगत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही; धूर दिसत नसला तरी तो असतो आणि झोपलेल्या माय-लेकरांना जाग येण्याआधीच गाठतो. त्यामुळे झोपायच्या खोलीत शेगडी नको, धुरी नको, डासांची कॉइलही नको. डासांसाठी ताणून बांधलेली मच्छरदाणी पुरते. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी बोटभर उघडी राहू द्यावी. गरम पाण्याच्या पिशवीने बिछाना आधी उबवावा आणि बाळाला ठेवण्यापूर्वी ती काढून घ्यावी.

थंडीत नाक चोंदले की झोप मोडते, कारण पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. दूध पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब घालावेत. नाकात तेल सोडू नये. गळ्यात किंवा उशाशी कापराची पुरचुंडी ठेवू नये, छातीला कापराचा बाम लावू नये. कापराने लहान बाळाला झटके येऊ शकतात. झोप लागावी म्हणून जायफळ उगाळून देणे किंवा सर्दीवर मध-ब्रँडी चाटवणे हेही विषाशी खेळणेच आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको.

लंगोट-दुपटी दुपारच्या कडक उन्हात वाळवून दव पडण्याआधी घरात घ्यावीत, कारण दमट कपडा कितीही जाड असला तरी ऊब धरत नाही.

बाळ दूध ओढेनासे झाले, पोट आणि पाय दोन्ही गार पडले, हलवूनही नीट जागे होईना, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त होऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये. गुहागरच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे किंवा १०८ ला फोन करावा. पुढे चिपळूणला जावे लागले तर सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता आहे आणि रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय त्याहून दूर. या प्रवासात बाळ आणखी थंडावते, म्हणून त्याला दुपट्यात गुंडाळून मांडीवर न घेता आईच्या उघड्या छातीशी, पदराच्या आत, टोपडे घालून ठेवावे, वरून शाल घ्यावी आणि ओढत असेल तर वाटेत दूध पाजत राहावे.